आळस की एडीएचडी? दुसऱ्या वर्षात अडकलेल्या विद्यार्थिनीला उत्तर

तू विचारलंस ते थोडक्यात असं. अक्कलकोट तालुक्यातलं गाव, घरी कन्नड, शाळा मराठी माध्यमाची, दहावीला 92 टक्के. आता केगावजवळ मैत्रिणींबरोबर रूम, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आणि चार विषय राहिलेले. पुस्तक उघडून तीन तास बसतेस आणि पान एकच होतं. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख दोनदा चुकली, लेट फी भरावी लागली. पण गॅदरिंगची वेबसाइट करायची होती तेव्हा सलग दोन रात्री जागून, जेवायचं विसरून ती पूर्ण केलीस. रूम पार्टनरने एडीएचडीची (लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड जाण्याची, लहानपणापासूनची मेंदूची अवस्था) एक रील पाठवली आणि ही आपलीच गोष्ट आहे असं तुला वाटलं. भाऊ म्हणतो, नाटकं आहेत, मोबाइल बाजूला ठेव. तुझे प्रश्न चार आहेत: मला हे खरंच आहे की मी आळशी आहे, गोळीने बरं होईल का, घरी आणि कॉलेजात सांगू का, आणि यंदा गॅप घेऊ का.

मी सोलापुरात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते. सेमिस्टरचे निकाल लागले की तुझ्यासारखी मुलं-मुली माझ्याकडे येतात, बहुतेक एकटी, घरी न सांगता. न बघता, न बोलता मी तुझं निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण माझ्यासमोर अशी मुलगी बसते तेव्हा मी काय विचारते आणि का विचारते, ते सगळं सांगते. त्यावरून तुला पुढचं पाऊल ठरवता येईल.

पहिलं म्हणजे, आजार की आळस हा प्रश्न मी बाजूला ठेवते. आळसात आराम असतो. तू लिहिलेल्या त्या तीन तासांत आराम कुठेच नाही, फक्त पुस्तकासमोर बसून स्वतःला बोल लावणं आहे. करायचं मनापासून आहे, कसं करायचं तेही कळतंय, तरी हात कामाला लागत नाही, ही तुझी खरी अडचण. तिचं कारण एडीएचडी असू शकतं, दुसरंही काही असू शकतं, आणि कधी कधी दोन-तीन कारणं एकत्र असतात. म्हणून मी विचारते, हे कधीपासून आहे, कुठे कुठे होतं आणि त्याची किंमत काय मोजावी लागते.

"कधीपासून" हा यातला सगळ्यात मोठा प्रश्न. एडीएचडी विसाव्या वर्षी अचानक सुरू होत नाही. मेंदूची जडणघडण होतानाच तो वेगळ्या वळणाने जातो. जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या 2013 सालच्या निदानसूचीत अशी अट आहे की काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावीत. 17 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी दुर्लक्षाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, तीही सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, घर, कॉलेज, मैत्री अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. त्यांच्यामुळे आयुष्यात खरा अडथळा आलेला असावा लागतो. आणि हे सगळं दुसऱ्या कुठल्या कारणाने जास्त चांगलं समजत असेल, तर एडीएचडी म्हणायचं नसतं.

म्हणून मी चौथी-पाचवीतल्या मुलीबद्दल विचारते. डबा शाळेत राहायचा का? कंपासपेटी दर महिन्याला नवी लागायची का? गणिताची रीत बरोबर आणि बेरीज चुकलेली, असं व्हायचं का? आईने दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच घेऊन परत यायचीस का? घरी "वेंधळी", "धांदरट" म्हणायचे का? प्रगतिपुस्तकावरचा शेरा मला फार उपयोगी पडतो. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही", "अक्षर आणि टापटीप सुधारावी" असं वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या बाईंनी लिहिलेलं असेल तर ती चांगली साक्ष असते, कारण तेव्हा कुणाला एडीएचडीचं नावही माहीत नव्हतं. आई, आजी किंवा मोठी बहीण यांच्याशी बोलता आलं तर आणखी चांगलं. आपल्या लहानपणाची आपली आठवण फारशी भरवशाची नसते.

आता वेबसाइटच्या त्या दोन रात्री. त्यांच्यामुळेच भावाला नाटक वाटतंय, कारण मनात आणलं की जमतं असा त्याचा अर्थ निघतो. सोलापूरच्या माणसाला हे समजावताना मी आपल्या नळाचं उदाहरण देते. पाणी काही दिवसांआड येतं. आलं की पूर्ण दाबाने येतं, पिंपं-टाक्या भरतात. पण ते कधी येणार हे आपण ठरवत नाही, आणि गरज आहे म्हणून तोटी पिळून येतही नाही. एडीएचडीमध्ये लक्षाचं असं असतं. लक्ष नसतं असं नाही. हवं त्या वेळी, हवं त्या कामाकडे ते वळवण्यावर ताबा कमी असतो. काम नवं असेल, आवडीचं असेल, किंवा उद्या सकाळी दहाला द्यायचंच असेल, तर ते भरभरून येतं. बक्षीस सहा महिन्यांनी मिळणार असेल आणि आज नुसतं पान वाचायचं असेल, तर येत नाही. मेंदूतली डोपामिन आणि नॉरएड्रिनलिन ही रसायनं, कामाला सुरुवात करणं, मध्येच आलेला विचार थोपवणं, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं, वेळेचा अंदाज घेणं, या सगळ्यांशी लक्षावरचा हा ताबा जोडलेला आहे. "अर्ध्या तासात आवरते" म्हणून दीड तास लागणं आणि फॉर्मची तारीख माहीत असून निसटणं, ही एकाच मुळाची दोन रूपं असू शकतात.

मग दहावीला 92 टक्के कसे? हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि बरेचदा इथेच निदान नाकारलं जातं. मी उलट विचारते, दहावीचा अभ्यास कसा झाला? बहुतेक वेळा उत्तर एकसारखं असतं. सकाळी आई उठवायची. शाळा घराजवळ. संध्याकाळी क्लास, क्लासला रोज छोटी परीक्षा, आणि सर दुसऱ्या दिवशी वही बघणार हे पक्कं. रात्री आई शिलाई मशीनवर बसलेली आणि मुलगी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन. म्हणजे दिवसाची आखणी बाहेरून झालेली होती. काय करायचं, कधी करायचं, हे तिला ठरवावंच लागत नव्हतं, आणि बुद्धी चांगली असल्याने उरलेलं निभावून जात होतं. कॉलेजात रूमवर आल्यावर हे सगळं एकाच महिन्यात सुटतं. उठवणारं कुणी नाही, वही कुणी बघत नाही, परीक्षा चार महिन्यांनी, आणि सबमिशनची तारीख व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर मेसेजच्या खाली कुठेतरी. ज्यांचा आतला ताबा पुरेसा आहे अशी मुलंही पहिलं सेमिस्टर धडपडतात आणि मग सावरतात. ज्यांचा सगळा भार बाहेरच्या आधारावर होता ती दुसऱ्या वर्षापर्यंत सावरत नाहीत. त्यामुळे दहावीचे गुण एडीएचडी नसल्याचा पुरावा ठरत नाहीत. एडीएचडी असल्याचाही ते पुरावा नाहीत, हे तितक्याच ठामपणे सांगते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वर्गात बाकावर चढणारा, दुसऱ्याची पेन्सिल ओढणारा मुलगा शिक्षकांना दिसतो आणि त्याच्या आईवडिलांना बोलावणं जातं. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही. मुलींमध्ये दुर्लक्षाचा प्रकार तुलनेने जास्त दिसतो. शिवाय घरात लहानपणापासून "मुलीच्या जातीला नीटनेटकं असावं" हे ऐकलेलं असतं, म्हणून त्या दुप्पट कष्ट करून विस्कळीतपणा झाकतात. तपासणीला येईपर्यंत त्यांच्यावर आधी चिंतेचा किंवा नैराश्याचा शिक्का बसलेला असतो, आणि तोही पूर्ण खोटा नसतो. सतत ओरडा खाल्लेल्या मुलीला चिंता होणारच.

आता दुसरी बाजू. तुझं लिहिणं वाचून एडीएचडीच्या आधी माझ्या डोक्यात भाषा आली. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि एकदम इंग्रजीतलं इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स. आपल्या जिल्ह्यात हे इतकं सर्रास आहे की त्याचं ओझं कुणी मोजतच नाही. शहरातल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांचंही हेच होतं. प्रत्येक वाक्य मनातल्या मनात उलटवून घ्यावं लागलं की वीस मिनिटांत डोकं थकतं आणि मन भरकटतं. ते एडीएचडीसारखंच दिसतं. घरच्या घरी एक प्रयोग कर. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वर्तमानपत्रातला एखादा जड मराठी लेख वीस मिनिटं वाच आणि त्यात काय होतं ते लिहून काढ. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अभ्यासाचं इंग्रजी पुस्तक वाच आणि तसंच लिहून काढ. मराठी सुरळीत गेलं आणि फक्त इंग्रजी अडलं, तर भाषेवर काम करायला हवं. दोन्हीकडे मन निसटत असेल, तर लक्षाचा प्रश्न जास्त गंभीरपणे घ्यायचा. आणि लहानपणापासून मराठीतही वाचन अडखळत होत असेल, जोडाक्षरं चुकत असतील, तोंडी सगळं येऊन लिहिताना मार्क जात असतील, तर अध्ययन अक्षमता तपासायला हवी. ती एडीएचडीबरोबर बऱ्याचदा असते. एवढ्या एका प्रयोगावर निदान होत नाही, पण डॉक्टरकडे जाताना तुझ्या हातात काहीतरी नेमकं असेल.

झोपेचं विचारलंच पाहिजे. रूमवर दोन-अडीचपर्यंत जागरण, आठचं लेक्चर आणि दुपारी झोप, असं महिनोन्‌महिने चाललं तर कुणाचंही लक्ष ढासळतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 या तपासण्या मी मुलींना हमखास करायला सांगते. रक्त कमी असणं आपल्याकडे फार आढळतं, आणि थकलेलं शरीर वाचायला बसत नाही. नैराश्य असेल तर ते साधारण एका काळापासून सुरू झालेलं असतं, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा होतात. तू वेबसाइट इतक्या आवडीने केलीस म्हणून मला त्याची शंका थोडी कमी वाटते, पण विचारल्याशिवाय सोडणार नाही.

भावाच्या मोबाइलच्या मुद्द्यात तथ्य आहे. हातात फोन असताना लक्ष तुकड्या-तुकड्यांत जातं आणि झोपही तोच खातो. पण एडीएचडी फोनने जन्माला घातलेला नाही. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर क्रायटन या डॉक्टरने 1798 साली लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांबद्दल लिहून ठेवलं आहे. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी 1902 साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास यात आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास दाखवतात. माझ्यासमोर मुलीची लक्षणं ऐकता ऐकता वडील गप्प होतात आणि मग हळूच म्हणतात, "डॉक्टर, माझं पण असंच होतं." त्या क्षणानंतर घरातलं बोलणं बदलतं, हे मी पाहिलं आहे.

रीलबद्दल एवढंच की तिने तुला प्रश्न विचारायला लावलं हे चांगलं झालं, पण उत्तर तिच्याकडे नाही. किल्ली हरवणं, खोलीत येऊन कशाला आलो ते विसरणं, हे सगळ्यांचंच होतं. प्रौढांमध्ये एडीएचडीचं प्रमाण साधारण अडीच टक्के, मुलांमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास धरलं जातं. रील मात्र बघणाऱ्या जवळपास प्रत्येकाला लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची सहा प्रश्नांची छोटी चाचणी आहे, ती भरून बघायला हरकत नाही. तिच्यात गुण जास्त आले तर पुढे तपासून घ्यायचं, इतकाच तिचा अर्थ. स्कॅन काढून किंवा रक्त तपासून एडीएचडी ठरत नाही. कुणी महागडा स्कॅन सांगून "यात दिसेल" म्हणालं, तर तिथून उठून ये.

तपासून घ्यायचं म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रौढांच्या एडीएचडीचं काम करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि लवकर जायचं, गर्दी असते. दहा मिनिटांत कुणी निदान करून गोळ्या लिहिल्या तर समाधान मानू नकोस. मी स्वतः निदान एका भेटीत क्वचितच पक्कं करते. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं, सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणि त्या वाचनप्रयोगाचा कागद घेऊन जा. आणि घटना सांग. "लक्ष लागत नाही" याने डॉक्टरला काही कळत नाही. "अमुक सबमिशन होतं, चार दिवस माहीत होतं, पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी हे", असं सांगितलंस तर बरंच काही कळतं.

गोळीचं. निदान पक्कं झालं तर औषधं खरोखर उपयोगी पडतात, आणि त्यांच्याबद्दलची भीती अनेकदा वास्तवापेक्षा मोठी असते. मिथाइलफेनिडेट हे सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध. त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. साध्या गोळीचा तीन-चार तास टिकतो, लांब पल्ल्याची त्याहून जास्त चालते. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं, असे त्रास होऊ शकतात, म्हणून सुरू करण्याआधी वजन, रक्तदाब आणि घरातल्या हृदयविकाराचा इतिहास बघायचा असतो. ते नियंत्रित औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेलंही नसतं. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं, वेगळ्या गटातलं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे किंवा थोडे जास्तही लागतात. दोन्हीपैकी कुठलं आणि किती, हे माणसागणिक बदलतं. परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीकडची गोळी "ट्राय" करणं धोक्याचं आहे आणि कायद्यानेही चुकीचं. तुझ्या वर्गातली काही मुलं रात्री जागायला मावा खातात तेही याच कारणासाठी, तंबाखूने थोडा वेळ लक्ष लागल्यासारखं वाटतं. पुढची दहा-वीस वर्षं ते सुटत नाही. औषधाबद्दल एक अपेक्षा आधीच नीट ठेव. गोळी घेतल्यावर पुस्तकाकडे वळणं सोपं होतं, पण कुठलं पुस्तक, किती वेळ, कोणत्या क्रमाने, हे गोळी ठरवत नाही. गोळी घेऊन चार तास रूम आवरणारी मुलगीही मी बघितली आहे.

म्हणून निदान होवो न होवो, बाहेरचा आधार पुन्हा उभा करायचा, आणि त्यासाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची गरज नाही. यातलं सगळ्यात परिणामकारक काय म्हणशील तर शेजारी कुणीतरी काम करत असणं. आई मशीनवर आणि तू शेजारी, तेच आता दुसऱ्या रूपात हवं. अभ्यासिका लाव. सोलापुरात एमपीएससीच्या मुलांनी भरलेल्या कितीतरी अभ्यासिका आहेत. तिथे आजूबाजूला मान खाली घालून बसलेली माणसं असतात, आणि बोलायची सोय नसते. रूमवर एकटीने संकल्प करून बसण्यापेक्षा तिथली खुर्ची जास्त काम करते. जाणं-येणं लांब पडत असेल तर रूम पार्टनरशी ठरव, सात ते साडेआठ दोघींनी बोलायचं नाही, फोन कपाटात. गावी बहिणीला व्हिडिओ कॉल लावून, आवाज बंद ठेवून दोघी आपापलं काम करता, तरी चालतं. मी हे अनेकांना करायला सांगितलं आहे आणि औषधाआधीच फरक पडलेली मुलं पाहिली आहेत.

सुरुवात इतकी लहान ठेव की नाही म्हणता येणार नाही. "युनिट तीन करायचं" हे मेंदूला काम वाटतच नाही, धमकी वाटते. "मागच्या पेपरमधला प्रश्न दोन अ समोर ठेवून उत्तर शोधायचं" हे काम आहे. तुला प्रश्न समोर असला की चालना मिळते, हे वेबसाइटवरून दिसतंच, मग पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचा हट्ट सोड आणि जुन्या प्रश्नपत्रिकांपासून उलटी ये. हातात पेन हवं. नुसते डोळे फिरवून होणारं वाचन तुझ्यासाठी नाही. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून फिरणं. त्या पाच मिनिटांत फोन घेतलास तर ती पन्नास होतात. समोर काट्यांचं घड्याळ ठेव, फोनवरचं नको.

तारखा डोक्यात ठेवायच्या नाहीत. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर लाल पेनने फॉर्म, सबमिशन, व्हायव्हा. शिवाय प्रत्येक तारखेच्या चार दिवस आधी वाजणारा फोनचा अलार्म, आणि तुला "भरलास का?" असं विचारणारं एक माणूस. तिन्ही लागतात. किल्ली, आयडी कार्ड आणि हॉल तिकीट यांना दाराशी एकच खिळा.

उन्हाळी परीक्षेचा अभ्यास इथे चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात करायचा असतो. दुपारी बारा ते चार पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कुणाचंच डोकं चालत नाही. त्या वेळेत जर्नल उतरवणं, आकृत्या, फाइल अशी हाताची कामं ठेव आणि अवघड विषय सकाळी. रोज अर्धा तास घाम येईल असं चालणं किंवा धावणं हेही मी औषधाइतक्याच गांभीर्याने सांगते.

न्यूरोडायव्हर्सिटीबद्दल तू शेवटी एक ओळ लिहिलीस, की हा आजार नसून वेगळेपण आहे असं वाचलंस. 1998 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांच्या लिखाणातून ही कल्पना पुढे आली. सगळे मेंदू एकाच साच्याचे नसतात, ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) ही माणसांमधल्या नैसर्गिक विविधतेची रूपं आहेत, आणि अडचणीचा मोठा भाग आजूबाजूच्या व्यवस्थेतून येतो, असा तो विचार. मला तो मोलाचा वाटतो. तीन तास हलायचं नाही, वर्षाचं मोजमाप एका पेपरवर, हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. तो विचार वाचून मुली स्वतःला शिव्या द्यायच्या थांबतात, आणि शिव्या थांबल्याशिवाय कुठलाच उपाय टिकत नाही. पण माझ्यासमोर जी मुलगी चार विषय राहिले म्हणून रडते आहे, तिला "तू फक्त वेगळी आहेस" एवढंच सांगून घरी पाठवणं मला जमणार नाही. तिचा त्रास खरा आहे आणि त्याला उपचार आहेत. वेगळेपण मान्य करणं आणि मदत घेणं यांत मला विरोध दिसत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण ना कमी समजत, ना चष्म्याशिवाय वाच म्हणत.

घरी सांगायचं का? तू 18 वर्षांपुढची आहेस. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 प्रमाणे तुझी माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुझ्या संमतीशिवाय आईवडिलांनाही सांगता येत नाही. तरीही माझा सल्ला असा, की घरातल्या एका माणसाला सांग, आणि नावापासून सुरुवात करू नकोस. "आप्पा, मला एडीएचडी आहे" म्हटलं की वाद सुरू होतो. "आप्पा, मी बसते पण होत नाही, लहानपणीही माझं असंच व्हायचं का, मला डॉक्टरला विचारायचंय" म्हटलं की ते आठवायला लागतात. आईकडून तर लहानपणाची माहितीही हवीच आहे.

कॉलेजचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता आहे. त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी वेगळा नोंदलेला नाही. त्यामुळे केवळ एडीएचडीच्या निदानावर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा परीक्षेत जास्त वेळ मिळेल असं धरून चालू नकोस. तपासणीत अध्ययन अक्षमताही निघाली आणि प्रमाणपत्र मिळालं, तर गोष्ट वेगळी. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना लेखी परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ देण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वर्गातल्या साध्या गोष्टींना प्रमाणपत्र लागत नाही. ज्यांच्याशी बोलता येतं अशा एका सरांना किंवा मॅडमना भेट आणि नेमकं माग. मोठं सबमिशन दोन टप्प्यांत दाखवू का, पहिल्या बाकावर बसू का, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं वही दाखवायला येऊ का. निदान सांगायची गरज नाही. बहुतेक शिक्षक स्वतःहून येऊन मागणाऱ्या मुलीला नाही म्हणत नाहीत.

हे सगळं वाचताना जगणंच नको वाटण्याचे विचार मनात येत असतील, तर बाकी सगळं थांबव आणि आजच 14416 वर फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

राहिला गॅपचा प्रश्न. तपासणी होईपर्यंत तो निर्णय घेऊ नकोस. घरी मोकळं वर्ष म्हणजे होता तेवढाही आधार काढून घेणं, आणि नुसत्या मोकळ्या वेळेत राहिलेले विषय सुटले असं मी फार कमी पाहिलं आहे. नैराश्य खोल असेल किंवा तब्येत ढासळली असेल तर सुट्टी लागते, पण तेव्हाही ती उपचारांसकट घ्यायची. या परीक्षेला चारपैकी दोन विषय निवड. एक, ज्यात आधी अगदी काठावर, थोडक्या गुणांनी राहिलीस तो. दुसरा, ज्यावर पुढच्या सेमिस्टरचे विषय उभे आहेत तो, बहुधा मॅथ्स. बाकीच्या दोघांचे फॉर्म भर, पण जीव या दोघांत घाल. आणि सिव्हिलला किंवा जिथे जाणार असशील तिथे फॉर्मची तारीख संपायच्या आधीच्या आठवड्यात जा, म्हणजे हे विषय ठरवताना डॉक्टरांशीही बोलता येईल.